हिशेबाचं सॉफ्टवेअर हवं तर बाकीची पाच गळ्यात घ्यायलाच हवीत का?

हिशेबनीस_देवगड

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यातल्या आंबा बागायतदारांच्या एका सहकारी संस्थेत मी हिशेब बघते. संस्था लहान आहे. ऑफिसात तीन कॉम्प्युटर आणि पॅकिंग शेडमध्ये एक, तो पेंढ्याच्या धुळीने अर्धमेला. सभासदांचा माल वाशीला जातो, दलालाकडून पट्टी (विक्रीचा हिशेब) येते, ती आम्ही सॉफ्टवेअरला चढवतो, सभासदाची खता-औषधाची उधारी वजा करतो आणि उरलेले पैसे त्याच्या खात्यात टाकतो. काम एवढंच.

हे सॉफ्टवेअर संस्थेने बऱ्याच वर्षांपूर्वी एकरकमी पैसे भरून घेतलं होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. दरवर्षी मार्चच्या आधी अपडेटचे थोडे पैसे भरायचे, जीएसटीचे फॉर्म बदलले की तेही त्यात यायचे. तक्रार नव्हती. यंदा डीलरचा मेल आला की नुसत्या हिशेबाचं अपडेट बंद झालंय, आता 'संपूर्ण पॅक' घ्या. त्यात हिशेब, पगारपत्रक, ईमेल, क्लाउडवरची साठवण, व्हिडिओ मीटिंग आणि क्यूआर कोडवर पैसे घ्यायचं ॲप. पैसे दर महिन्याला, तेही माणशी. आमच्याकडे पगारी माणसं दोन, त्यातली एक मी. व्हिडिओ मीटिंग कोणाशी करू? आमचे चेअरमन साध्या फोनवर बोलतानाही असे ओरडतात की पलीकडच्याला फोनशिवाय ऐकू जावं.

डीलरला म्हटलं, बाकीचं काढा आणि हिशेबाचा दर सांगा. म्हणतो, "ताई, वेगळा दरच नाही. बाकीचं तुम्हाला फुकट पडतंय असं समजा." बिल गेल्या वर्षीच्या तिप्पट आणि वर फुकट!

आमच्या सभासदांना हा प्रकार खताच्या दुकानात पाठ आहे. युरिया हवा तर सोबत सूक्ष्म अन्नद्रव्यांचा डबा घ्या, नाहीतर युरिया 'संपला'. त्याला सगळे लिंकिंग म्हणतात आणि कृषी खातं दर खरिपाला दुकानदारांना तंबी देतं. सॉफ्टवेअरच्या लिंकिंगला विचारणारं कोणी आहे का? मोठ्या कंपन्यांना अमुक कोटी दंड झाला असं पेपरात येतं, त्यातून आमच्यासारख्यांच्या पदरात काही पडतं का? आणि मुख्य म्हणजे मार्चएंडच्या आत मी काय करू? हापूस सुरू झाला की मला श्वास घ्यायला वेळ नसतो.

---

कुडाळकार

ताय, माझा पण ह्याच झाला. दुकानाचा बिल करूचा सॉफ्टवेअर घेतलंय, वांगडा मोबाईलचा ॲप, एसेमेसचो पॅक आणि कसला तरी 'लॉयल्टी' गावला. गिऱ्हाईक उधारी बुडवता, तेका लॉयल्टीचे पॉइंट खयचे देव? पैशे मात्र दर वर्साक जातत. उत्तर माका म्हायत नाय. कोणी सांगल्यान तर माका पण होया.

---

दुरुस्तीवाला_कणकवली

ताई, तुमच्या कामाचं शेवटी लिहिलंय. पण मधलं वाचलंत तर डीलरशी भांडायला सोपं जाईल.

मी कणकवलीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्या १९९८ साली दुकान टाकलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क पिशवीत घालून रात्रीच्या गाडीने यायचं, असे ते दिवस. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सरकारने आणि वीसेक राज्यांनी मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. तेव्हा इंटरनेट म्हणजे नेटस्केप, वेबसाइट बघायचा ब्राउझर. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडी यायची तिच्यात ते असायचं. मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर, इंटरनेट एक्स्प्लोरर, थेट विंडोजच्या पोटात घातला, वेगळे पैसे नाहीत. कोणीही म्हणेल, बरंच झालं की, गिऱ्हाइकाचे पैसे वाचले.

गोम करारात होती. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांना विंडोजचा परवाना देताना अट घातलेली की एक्स्प्लोररचं चित्र डेस्कटॉपवरून हलवायचं नाही. आता त्या कंपनीला नेटस्केप द्यायचं झालं तर एकाच कामाची दोन सॉफ्टवेअर द्यायला लागणार. गिऱ्हाईक गोंधळून फोन करणार, तो फोन घ्यायला बसवलेल्या माणसाचा पगार कंपनीच्या बोकांडी. मग कोण कशाला देतंय? नेटस्केप पुढे पुढे जड आणि रडकं झालं होतं हे मला मान्य आहे, मी ते रोज बसवत होतो. पण ते चांगलं की वाईट हे ठरवायची वेळच गिऱ्हाइकावर आली नाही.

कोर्टात मायक्रोसॉफ्टचं म्हणणं असं की विंडोज आणि एक्स्प्लोरर एकजीव आहेत, वेगळे करता येत नाहीत. केलेच तर विंडोज मंदावतं, असा व्हिडिओसुद्धा दाखवला. सरकारी वकिलांनी तो बारकाईने बघितला तेव्हा निघालं काय, तर एकाच मशीनची ती सलग चाचणी नव्हतीच, वेगवेगळ्या मशीनवरचं चित्रीकरण जोडलेलं होतं. कंपनीच्या साक्षीदाराची भर कोर्टात पंचाईत झाली. म्हणून सांगतो, "वेगळं करताच येत नाही" असं डीलर म्हणाला की लगेच मान डोलवू नका.

जून २००० मध्ये न्यायाधीशांनी कंपनीचे दोन तुकडे करायचा हुकूम दिला. २००१ मध्ये वरच्या कोर्टाने तुकडे करणं रद्द केलं, पण मक्तेदारी टिकवायला गैरमार्ग वापरला हा ठपका कायम ठेवला, आणि शेवटी तडजोड झाली. तोवर नेटस्केप एओएल या इंटरनेट कंपनीला विकून मोकळं झालं होतं. (आपल्याकडे या सगळ्याचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. इथे मुळात विंडोजच कॉपी केलेल्या सीडीवरून पडायचं. कणकवलीत ते कोण टाकायचं हे कृपया विचारू नका.)

युरोपातली एक गोष्ट तुमच्या प्रश्नाला जास्त लागू आहे. २००४ मध्ये युरोपियन आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला. एक कारण, विंडोजबरोबर मीडिया प्लेअर चिकटवला. प्लेअर काढलेलं विंडोजही बाजारात ठेवा, असं सांगितलं. कंपनीने ठेवलं, नावापुढे 'एन' लावलं. आणि दर? तोच! एक वस्तू कमी आणि पैसे तेवढेच, असं पाकीट कोण उचलणार? कोणी उचललं नाही. हुकूम पाळला गेला आणि कोणाचं काही बिघडलंही नाही. तेव्हा तुमचा डीलर उद्या "ठीक आहे, मीटिंग काढून देतो" म्हणाला तर पहिला प्रश्न: किती रुपये कमी?

ही दराची गोष्ट युरोपला कळायला वीस वर्षं लागली. ऑफिसच्या पॅकमध्ये टीम्स हे मीटिंगचं ॲप घुसवलंय म्हणून स्लॅक या कंपनीने २०२० च्या जुलैत तिकडे तक्रार केली. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ पासून युरोपात आणि एप्रिल २०२४ पासून जगभर टीम्सशिवायचा पॅक विकायला काढला. तरी आयोगाने पिच्छा सोडला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रकरण मिटलं ते टीम्स असलेल्या आणि नसलेल्या पॅकच्या दरात ठरावीक फरक ठेवायचं कबूल केल्यावर. एवढी मोठी कंपनी सुटं विकू शकते, तर तुमच्या डीलरच्या कंपनीला काय धाड भरलीय?

आता कामाचं.

तुम्हाला बांधून ठेवलंय ते पॅकने नाही, तुमच्याच आकड्यांनी. सभासद खतावणी त्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहे, म्हणून डीलर तिप्पट मागू शकतो. ती बाहेर काढता आली तर त्याचा आवाज आपोआप खाली येईल. तेव्हा आजच एक्सेल किंवा सीएसव्ही फाइल काढायचं बटण शोधा. सभासद यादी, माल आवक, उधारी, रोजकीर्द, सगळं काढा. काढून ठेवून देऊ नका, उघडून बघा.

बघताना आधी नावं वाचा. इकडच्या जुन्या संस्थांत मराठी नावं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात भरलेली असतात. पडद्यावर 'सावंत' दिसतं, पण आत मशीनने साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. फाइल बाहेर काढली की मुखवटा गळतो आणि सावंतांच्या जागी टोप्या घातलेले ए-ओ, डॉलर आणि अवतरणचिन्हं यांची रांग दिसते. घाबरू नका, ती बदलून युनिकोडमध्ये आणता येतात. फक्त जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घालावे लागतात. 'र्‍हाटे', 'कर्णिक' असल्या नावांत हमखास माती होते.

मग तारखा. ०३-०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च? कॉम्प्युटरची तारीख अमेरिकन पद्धतीवर असेल तर फाइल उघडताक्षणी उलटते आणि बाराच्या पुढची तारीख आली की तिचा नुसता मजकूर होतो. पट्टीची तारीख एका आर्थिक वर्षातून दुसऱ्यात गेली तर ऑडिटर तुम्हाला सोडणार नाही. आणि खातं क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात. बँकेचे क्रमांक असतील तर तो रकाना आधीच 'मजकूर' करून मग फाइल आत घ्या.

मार्चचं म्हणाल तर जुना परवाना एकरकमी असेल तर सॉफ्टवेअर बंद पडू नये, फक्त नवं अपडेट मिळणार नाही. पावतीबरोबर आलेला परवान्याचा कागद शोधा आणि 'कायमस्वरूपी' असं काही लिहिलंय का बघा. जीएसटीचं विवरण भरायला सरकारी पोर्टलवर ऑफलाइन साधन फुकट मिळतं. खताची विक्री तेवढी त्यातून भरा. हे वर्ष जुन्यावर ओढा. पावसाळ्यात बसून दुसरं सॉफ्टवेअर बघा.

पत्रं, नोटिसा, सभेचं इतिवृत्त यांना लिबरऑफिस पुरतं. मराठी नीट चालतं, पैसे लागत नाहीत. एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो लिहून ठेवले असतील तर ते मात्र तिथे अडतात. आणि मी धर्मादाय नाही, बसवायचे पैसे घेतो.

---

वकील_रत्नागिरी

कणकवलीकरांनी भांडण छान शिकवलं. मी कायद्याची बाजू लिहितो. ती तितकीशी उत्साहवर्धक नाही, आधीच सांगतो.

चार वस्तू एकत्र विकणं हा गुन्हा नाही. युरोपच्या न्यायालयानेही २०१६ मध्ये असं म्हटलं की आधीच सॉफ्टवेअर घातलेला लॅपटॉप विकला म्हणून ती आपोआप अनुचित व्यापारी प्रथा होत नाही. आपल्याकडे स्पर्धा अधिनियम, २००२ आहे. त्याच्या कलम ३ मध्ये एक वस्तू घ्यायची तर दुसरीही घ्या असे बांधून घालणारे करार येतात, पण त्याने बाजारातल्या स्पर्धेला ठळक अपाय होतो हे दाखवावं लागतं. कलम ४ मध्ये वर्चस्वाचा गैरवापर येतो. तिथे आधी वर्चस्व सिद्ध करा, मग गैरवापराचं बोलू. "आमच्या तालुक्यात सगळ्या संस्था हेच वापरतात" हे वर्चस्व होत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बाजारात पर्याय आहेत असं कंपनी पहिल्याच तारखेला म्हणेल, आणि ते खरंही असेल.

वर्चस्व असलं की काय होतं ते अँड्रॉइडच्या प्रकरणात दिसलं. देशातले बहुतेक स्मार्टफोन अँड्रॉइडवर. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं, कारण त्याशिवाय फोन विकला जात नाही. गुगलचा करार असा की प्ले स्टोअर हवं तर सर्च, क्रोम, यूट्यूब, मॅप्स असा सगळा संच घ्या, आणि सर्च समोरच्या पडद्यावर ठेवा. शिवाय अँड्रॉइडमध्ये स्वतःचे फेरफार करून वेगळी आवृत्ती विकायची नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. पाचच दिवसांनी, ॲपवाल्यांनी पैसे प्ले स्टोअरच्याच बिलिंगमधून घ्यायचे या सक्तीबद्दल आणखी ९३६.४४ कोटी. तक्रार करणाऱ्यांत कोणी बलाढ्य कंपनी नव्हती. एक तर कायद्याचा विद्यार्थी होता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण माहिती दाखल करायला तुम्ही पीडित स्पर्धक असण्याची अट नाही.

पुढे जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि गुगलने जाहीर केलं की भारतात फोन कंपन्यांना ॲप सुटी घेता येतील. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले. आधीच घातलेली ॲप वापरकर्त्याला पूर्ण काढून टाकू द्या, हा त्यातलाच एक. तुमच्या फोनमध्ये एखाद्या ॲपवर बोट दाबून धरा. 'अनइन्स्टॉल'च्या जागी 'डिसेबल' दिसलं तर ते का, हे आता कळेल. बिलिंगच्या प्रकरणातला दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला.

तुमच्या पदरात काय? दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जाते, गिऱ्हाइकाला त्यातला रुपया मिळत नाही. नुकसानभरपाई मागता येते, पण अपील न्यायाधिकरणापुढे आणि तीही आधी उल्लंघन ठरल्यावर. अँड्रॉइडची चौकशी २०१९ मध्ये सुरू झाली आणि आदेश २०२२ मध्ये आला. तेवढ्यात तुमचे तीन हंगाम आणि बहुधा एक चेअरमन बदलेल.

जवळचा रस्ता ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा. एक वस्तू किंवा सेवा देण्यासाठी दुसरी घेण्याची पूर्वअट घालणं ही त्यात 'निर्बंधकारी व्यापारी प्रथा' ठरते, म्हणजे तुमचं लिंकिंग. अडचण अशी की 'व्यापारी कारणासाठी' घेतलेल्या गोष्टीवर ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही. सहकारी संस्थेने सभासदांच्या हिशेबासाठी घेतलेलं सॉफ्टवेअर व्यापारी कारणासाठी की कसं, यावर पहिली दोन वर्षं वाद होईल. माझ्या पक्षकाराला मी हा दावा लावा म्हणून सांगणार नाही. पण नोटिशीत या कलमाचा उल्लेख करा म्हणून जरूर सांगेन. नोटीस वाचणारा कंपनीचा वकील तुमच्या डीलरपेक्षा जास्त घाबरट असतो.

आणि डीलरशी तोंडी बोलणं थांबवा. प्रत्येक घटकाचा स्वतंत्र दर किती, जुना परवाना पुढे वापरता येईल का, आणि सगळी माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे लेखी विचारा. कंपनीच्या मुख्य कार्यालयालाही प्रत पाठवा. "वेगळा दर नाही" हे कोणी लेखी द्यायला सहसा तयार होत नाही.

---

तारकर्लीची_खानावळ

वकीलसाहेब, टीव्हीचं काय? होमस्टेच्या खोल्यांत स्मार्ट टीव्ही लावले. रिमोटवर चार मोठी रंगीत बटणं, चारही कुठल्या कुठल्या ॲपची. खाऱ्या वाऱ्याने बाकीची बटणं बसली, ही चार ठणठणीत. पाहुण्यांची म्हातारी माणसं सह्याद्री वाहिनी लावायला जातात आणि हटकून त्यातलं एक दाबतात. मग "दादा, टीव्ही पैसे मागतोय" म्हणून रात्री दहाला हाक. ॲप काढायला गेलं तर निघत नाही.

---

वकील_रत्नागिरी

बटणांवर कायद्याचं लक्ष अजून गेलेलं नाही. आतल्या संचावर गेलंय. अँड्रॉइड टीव्हीवरही फोनसारखीच सक्ती असल्याची तक्रार आयोगाकडे होती. एप्रिल २०२५ मध्ये गुगलने ती तडजोडीने मिटवली, २०.२४ कोटी रुपये भरून. २०२३ च्या दुरुस्तीने तडजोडीची सोय आली, तिच्याखालचं हे पहिलं प्रकरण. आता भारतात विकल्या जाणाऱ्या अशा टीव्हींसाठी प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस यांचा सुटा परवाना कंपनीला घेता येतो, बाकी संच घ्यायची सक्ती नाही. कंपनी घेईल की नाही हा तिचा प्रश्न. तुमच्या भिंतीवर आधीच लटकलेल्या टीव्हीला याचा उपयोग नाही. सह्याद्रीसाठी सेट टॉप बॉक्सचा वेगळा रिमोट द्या आणि टीव्हीचा कपाटात ठेवा.

---

हिशेबनीस_देवगड

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहिते.

वकीलसाहेबांनी सांगितलं तसं तिन्ही प्रश्न लेखी विचारले, मुख्य कार्यालयाला प्रत लावली, कलमाचा उल्लेख केला. इतके दिवस फोन न उचलणारा डीलर दुसऱ्या दिवशी स्वतः ऑफिसात हजर. म्हणे सहकारी संस्थांसाठी 'खास' योजना आहे, हिशेब आणि जीएसटी तेवढं मिळेल, मीटिंग आणि पगारपत्रक वगळून. किती कमी, असं मी लगेच विचारलं. त्यावर म्हणाला, वर विचारून सांगतो. अजून वरून काही आलेलं नाही. लेखी तर काहीच नाही. चहा मात्र पिऊन गेला.

परवान्याचा कागद सापडला, जुन्या लेजरच्या कपाटात. मुदत कुठेही लिहिलेली नाही. चेअरमनना वाचून दाखवला, ते म्हणाले यंदा जुन्यावरच चालवा. ऑडिटरचंही हरकत नाही असं म्हणणं पडलं, फक्त मार्चअखेरचा डेटा सीडीत नाहीतर पेनड्राइव्हमध्ये वेगळा ठेवा म्हणाले.

माहिती काढली. रोजकीर्द आणि माल आवक स्वच्छ आली. सभासद यादी आणि उधारी मात्र कणकवलीकर म्हणाले तशी, सगळ्या टोप्या आणि डॉलर. उधारीचे आकडे बरोबर आहेत, पण कोणाची उधारी ते देवालाच ठाऊक. सभासद क्रमांकावरून जुळवायला गेले तर सुरुवातीची शून्यं उडालेली, आणि आमच्याकडे ००१२ आणि १२ हे दोन वेगळे सभासद आहेत, कारण मध्ये कधीतरी दुसऱ्या संस्थेचे सभासद घेतले होते.

कणकवलीकर, फाइल मेल करू का? आणि किती घ्याल ते आधी सांगा. सुट्या दराने सांगा.

---

दुरुस्तीवाला_कणकवली

मेल करू नका, त्यात सभासदांची बँक खाती असणार. पेनड्राइव्हवर आणा, गुरुवार सोडून कधीही. एक्सेल नको, सीएसव्ही आणा, आणि ती एकदाही एक्सेलमध्ये न उघडता आणा म्हणजे शून्यं शाबूत राहतील. ००१२ आणि १२ चं मी बघतो, पण जुनं छापील सभासद रजिस्टर हवं, निदान त्या पानांचे फोटो. दर सुटे लिहून देतो: फॉन्ट बदलण्याचे वेगळे, नावं तपासण्याचे वेगळे. तपासायला तुमच्या ऑफिसातलं माणूस बसवलंत तर दुसरे लागणार नाहीत.

---

कुडाळकार

गुरवार सोडून मी पण येतंय. माझी उधारीची यादी पण काढून होई. नावा वाचूक नाय इली तरी चलात, तेंची तोंडा माका पाठ आसत.